आक्कानं बावीस माग उजवले

माझी बायको राजव्वा गेली त्याला आठ महिने झाले. भेटायला येणारी माणसं खाली मान घालून बसायची, मी त्यांना चहा द्यायचो, ती चहा पिऊन जायची. कोण काय बोलणार. अकराव्या दिवशी राजव्वाची मैत्रीण पोचम्मा आली. गुडघ्यानं अधू झालीय, भिंतीला धरून बसली, आणि बसल्याबसल्या म्हणाली, "बालय्या, आक्काच्या पदराला तुमचा लाल रंग लागला व्हता, आठवतंय का?" मला हसू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. सुनेनं आतून डोकावून बघितलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असेल. वाटू दे.

आक्काची गोष्ट राजव्वा आणि मी दोघं मिळून सांगायचो. मी सुरुवात करायचो, मधे चुकलो की ती मला तोडायची आणि पुढची स्वतः सांगायची. आता तोडणारं कोणी नाही. एकट्यानं सांगत राहिलो तर पाच-सहा वर्षांत भलतंच काहीतरी सांगायला लागेन. म्हणून लिहून ठेवतो. मी चौथी शिकलोय आणि घरात आमचं तेलुगू, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ कोणी बघू नये.

आक्काचं खरं नाव गंगाबाई. अक्कलकोटकडची लिंगायत. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. तोंडावर आम्ही तिला 'तुमी' म्हणायचो आणि मागं 'ती'. इथं मागंच लिहितोय, म्हणून 'ती'.

सोलापुरात साखर पेठेत आमच्या गल्लीत तेव्हा हातमागाची बावीस घरं होती. आमचे माग खड्ड्याचे, म्हणजे माग जमिनीवर आणि विणणाऱ्याचे पाय खड्ड्यात. बाहत्तरच्या दुष्काळानंतर सूत महाग झालं, आणि व्यापारी देईल त्या भावात टॉवेल टाकून यायची पाळी आली. त्याच सुमाराला हॉलंड देशातली एक नर्सबाई इथल्या दवाखान्यात होती, तिला आक्का मराठी शिकवायची. ती परत जाताना आमच्या गल्लीतले चार टॉवेल घेऊन गेली. सहा महिन्यांनी तिचं पत्र आलं. तिकडं काही माणसांनी मिळून दुकान काढलं होतं. गरीब मुलखातला हातानं केलेला माल घ्यायचा, करणाऱ्याला विचारून भाव ठरवायचा, मधे दलाल ठेवायचा नाही, असं ते दुकान. टॉवेल पाठवा म्हणाले. आक्कानं शाळा सोडली, आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्या घेतल्या आणि दारावर पाटी लावली, 'रास्त भावाचं हातमाग केंद्र'.

पहिल्या आठवड्यात लोक रेशनकार्ड आणि पिशव्या घेऊन रांगेत उभे. साखर कधी येणार म्हणून विचारायचे. एकदोघं तर रॉकेलचे डबे घेऊन आले. शेवटी आक्कानं पाटीखाली खडूनं लिहिलं, 'येथे साखर मिळत नाही'. ते खडूचं अक्षर पावसानं पुसलं की ती परत लिहायची.

दिसायला बुटकी, अंगानं भरलेली, कपाळाला विभूती, चष्म्याला दोरा. कायम पांढरं लुगडं. कोणी माल घेऊन आलं की आधी विचारायची, "ऊटा आतेनु?" म्हणजे जेवलास का. नुसतं हो म्हटलं तर तोंडाकडं बघत राहायची. खोटं असेल तर आपोआप मान खाली जायची, मग कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं यायची, आणि ती संपेपर्यंत गठ्ठ्याची गाठ सुटायची नाही. जेवण झालं की टॉवेलाचं एक टोक गरम पाण्यात बुडवायची आणि आपल्या पदरावर घासायची. रंग पक्का असेल तर पदर पांढरा. कच्चा असेल तर तिथं डाग. ते डाग ती मुद्दाम धुवायची नाही. दुसऱ्या दिवशी तोच पदर घेऊन गल्लीतनं फिरायची, आणि बायका लांबूनच सांगायच्या, निळा म्हणजे अमक्याचा, हिरवा म्हणजे तमक्याचा. दोन वर्षांत गल्लीतला रंग असा पक्का झाला की तिचा पदर कोराच असायचा. त्यावर ती कुरकुर करायची. म्हणायची, "तुमच्यामुळं मी विधवेसारखी दिसाय लागले."

मी पहिल्यांदा गठ्ठा घेऊन गेलो तेव्हाची गोष्ट. जेवून आलो होतो, त्यामुळं तिथपर्यंत सगळं नीट झालं. मग आक्का माझ्या मागं बघायला लागली.

"बायको कुटं हाय?"

"घरी हाय."

"मग गठ्ठा बी घरी घेऊन जा."

"का हो आक्का, माल खराब हाय का?"

"माल बघितलाच न्हाय मी. कांड्या कुणी भरल्या?"

कांड्या म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या नळ्या, त्यांच्यावर सूत गुंडाळायचं काम बायकांचं. मी म्हटलं, "तिनंच."

"सुताला खळ कुणी लावली?"

"तिनंच की. पण विणलं मी."

"मग निम्मा माल तिचा हाय. तिला न विचारता मी कसा घेऊ? हितं चोरीचा माल घेत न्हाईत."

मी तणतणत घरी गेलो. राजव्वाला म्हटलं, ती बाई येडी आहे, तुला बोलावलंय. राजव्वानं तोंड धुतलं, लग्नातलं पातळ काढलं आणि निघाली. आक्कानं तिला समोर बसवून विचारलं, "किती दिवस लागले? घरात खाणारी तोंडं किती? मग भाव काय लावायचा, सांग." राजव्वाला आयुष्यात कोणी भाव विचारला नव्हता. ती माझ्याकडं बघायला लागली. आक्का म्हणाली, "त्याच्या तोंडावर लिवलंय व्हय? तू सांग." मग राजव्वानं सांगितला, तो मी मनात धरला होता त्याच्यापेक्षा जास्तच होता. आक्कानं वाद घातला नाही. निम्मे पैसे माझ्या हातात आणि निम्मे राजव्वाच्या. गठ्ठ्याला चिठ्ठी लागली, 'बालय्या-राजव्वा, सोलापूर'. येताना राजव्वा माझ्या पुढं चालत होती. त्याआधी कधी चालली नव्हती. त्यानंतर कधी मागं आली नाही.

पुरुषमंडळी लई चिडली होती. चौकात बैठकसुद्धा झाली. पण भाव असा होता की बैठकीतनं उठून प्रत्येकजण बायकोला घेऊन केंद्रावर गेला. पंचाईत फक्त मल्लय्याची झाली. मल्लय्या गल्लीत सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात चांगला विणकर. जिभेला मात्र हाड नाही. त्याची बायको केव्हाच गेली होती आणि त्याच्या कांड्या शेजारची पोचम्मा भरायची. आक्काचा नियम म्हणजे नियम. दर खेपेला मल्लय्याबरोबर पोचम्मा यायची, चिठ्ठीवर 'मल्लय्या-पोचम्मा' असं लागायचं, आणि पोचम्माचा नवरा बाहेर पायरीवर तोंड फुगवून बसायचा. आक्का त्यालाही भाकरी द्यायची.

एकदा हॉलंडच्या दुकानातला माणूस बघायला आला. लाल दाढी आणि उंची अशी की आमच्या गल्लीतल्या एकाही दारातनं सरळ आत येईना. मल्लय्याच्या घरी माग बघून त्याला बसायची हौस आली. बसला. खड्डा मल्लय्याच्या मापाचा. त्याचे पाय आत गेले आणि गुडघे खालनं मागाला अडकले. पुढं सरकता येईना, मागं येता येईना. मी आणि पोचम्माचा नवरा काखेत हात घालून ओढतोय, आक्का इंग्रजीत धीर देतेय, आणि मल्लय्या ओरडतोय, "पाय तुटला तर तुटू दे, ताणा तुटता कामा नये."

बाहेर काढल्यावर त्या माणसानं पाणी पिलं, वही काढली आणि मल्लय्याला विचारलं की खरं सांगा, तुमची काही तक्रार आहे का. आक्का दोन्हीकडचं सांगणार. मल्लय्या पुढं सरसावून बसला.

"सांगा त्याला, ही बाई लई खाष्ट हाय. एक धागा तुटलेला दिसला की महिनाभर बोलती. हिच्यापरीस माझी सासू बरी व्हती. ती वर्सातनं एकदा तरी गावाला जायची."

आक्कानं सगळं सांगितलं. शब्दानं शब्द, सासूसकट. आम्हाला इंग्रजी येत नव्हतं, पण ती स्वतःकडं बोट दाखवून सांगत होती आणि त्या माणसाचे डोळे मोठे होत होते, त्यावरनं कळलं. त्यानं वहीत लिहून घेतलं. मल्लय्या जरा वरमला. म्हणाला, "आक्का, भाव बरा देती, हे बी सांगा की."

"ते कशाला सांगू? तक्रार विचारलीय त्यानं."

अशी चार-पाच वर्षं गेली. लई काही श्रीमंत झालो नाही आम्ही. पण घराला पत्रा आला, मुलं शाळेत गेली, आणि राजव्वाचं म्हणणं घरात ऐकलं जायला लागलं, ती सवय नंतरही मोडली नाही.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात आक्कानं सगळ्यांना बोलावलं. जोडीनंच. दोन खोल्यांत माणसं मावेनात, निम्मी रस्त्यावर. आक्कानं पत्र काढलं आणि मराठीत सांगितलं. हॉलंडचं दुकान बंद होणार. जागेचं भाडं वाढलं. तिथं काम करणारी माणसं फुकट राबत होती, ती थकली, काही नोकरीला लागली. विक्री पुरेशी नव्हती. शेवटच्या मालाचे पैसे पूर्ण पाठवतो, आणि आम्हाला माफ करा, असं शेवटी होतं.

मग मल्लय्या म्हणाला, "म्हंजे आपला माल त्यांना आवडला न्हाय."

"तसं लिवलेलं न्हाय," आक्का म्हणाली.

"असं कुणी लिवतं व्हय? पाव्हण्याच्या घरी जेवून आलं की 'कालवण बेकार व्हतं' म्हणून कोण सांगतं? आमाला उशीर व्हतोय म्हणतात आणि उठतात. हे तसलंच."

सगळ्यांना ते पटलं. आक्कानं पत्र परत वाचलं, भाड्याचं परत सांगितलं. भाडं वाढलं म्हणून दुकान बंद पडतं हे आमच्या डोक्यात शिरेना. गोऱ्या माणसाला भाडं कशाला पडतंय. नक्की आमच्यातल्याच कुणाचीतरी चूक असणार. प्रत्येकजण घरी गेला तो आपलीच चूक आठवत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासनं केंद्रावर रीघ. एकेकजण येतोय, खाली बसतोय आणि कबूल करतोय. कुणी म्हणालं, मागच्या खेपेला ताण्याचे चार धागे कमी धरले होते. कुणी म्हणालं, काठाला वापरलेलं सूत जुनं होतं. पोचम्मा म्हणाली, मल्लय्याच्या कांड्या भरताना मी एकदा झोपले आणि गुंता झाला तो तसाच गुंडाळला. आक्का प्रत्येकाला सांगत होती, अरे, त्यामुळं नाही बंद पडलं. कोणाला खरं वाटेना.

मी दोन दिवस दम धरला. मग गेलो. एकटा गेलो, राजव्वाला न सांगता.

"आक्का, शेवटच्या गठ्ठ्यातले चार टॉवेल. लाल. चांगला रंग संपला व्हता, मी बाजारातला स्वस्त आणला. त्याच्यामुळंच झालं आसंल."

आक्का चष्म्यावरनं बघत राहिली. "काल राजव्वा येऊन गेली. ती म्हणली, रंग तिनं आणला."

"न्हाय, मी आणला."

"मग घरी जाऊन दोघांत ठरवा कुणी आणला, आणि मग या." तिनं पदर पुढं केला. मोठा लाल डाग. "आणि ते चार टॉवेल हॉलंडला गेलेच न्हाईत. तुमी दोघं गेल्यावर समदे घासून बघितले मी, मला कळत न्हाय व्हय? माझ्याच घरी हायेत. भांडी पुसते त्यानं. समदी भांडी गुलाबी झाली माझी."

नंतर कळलं, सगळ्यांचंच तसं होतं. चार धागे कमी असलेला टॉवेल तिनं बाजूला काढला होता. पोचम्माचा गुंता तिनं स्वतः सुईनं सोडवला होता. आमची एकही चूक समुद्रापलीकडं गेली नव्हती. हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. उलट सगळे जास्तच घाबरले. आक्कासुद्धा आपली अब्रू झाकतेय म्हणजे खरंच काहीतरी मोठं झालं असणार, असं मल्लय्याचं मत पडलं.

मग गल्लीनं ठरवलं की एक चादर करून पाठवायची. फुकट. एकही खोट नसलेली. ती बघून दुकानवाले परत दुकान उघडतील. ताणा मल्लय्याच्या मागावर चढवला आणि बावीस घरांनी प्रत्येकी एक वीत विणायची असं ठरलं. आता विणकराला हे कळायला पाहिजे होतं की हरेकाचा हात वेगळा असतो. कुणी घट्ट ठोकतो, कुणी सैल. एकाच चादरीवर दोन हात चालत नाहीत, तिथं बावीस चालवले. कळत होतं सगळ्यांना. पण मी मागं राहतो असं कोण म्हणणार? प्रत्येकानं आपली वीत जीव ओतून विणली. माझी वीत आजही मला बघायला आवडेल. सगळं मिळून मागावरनं उतरवलं तर चादर अकरा हात लांब आणि सापासारखी. इथं रुंद, तिथं अरुंद, मधे फुगलेली.

आम्ही ती घडी घालून आक्काकडं नेली. तिनं उलगडली. एक टोक पोचम्माच्या हातात दिलं, एक स्वतः धरलं. बघता बघता तिला हसू फुटलं. चष्मा खाली पडला तरी ती हसतेय. मग राजव्वा हसली, मग सगळेच. मल्लय्या तेवढा हसला नाही. "माझी वीत सरळ हाय," म्हणाला. ती होती.

आक्कानं चादर पाठवली. पावसाळ्यात नर्सबाईचं उत्तर आलं. दुकानाच्या जागी आता सायकली विकतात. चादर तिनं दुहेरी करून आपल्या आईच्या अंथरुणावर घातलीय. आई रोज तिच्यावरनं हात फिरवते आणि विचारते, हा जो मधे लई घट्ट विणणारा आहे, तो कुणावर चिडला होता?

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

त्या पत्रानंतर आक्का म्हणाली, "झालं. आता दुकान उघडत न्हाय. पण बावीस घरांना काम लागल्याबिगर मी केंद्राला कुलूप लावणार न्हाय." तिचं स्वतःचं काय होणार हे आम्ही कुणी विचारलं नाही. आज लाज वाटते, पण नाही विचारलं.

आधी ती नव्या पेठेत गेली. दुकानादुकानातनं आमचे टॉवेल पसरले. व्यापारी म्हणाले, माल चांगला आहे, पण हा भाव आम्हाला परवडत नाही, यंत्रमागाचा टॉवेल निम्म्यात येतो. एकानं सांगितलं, चिठ्ठीवर बायकांची नावं कशाला, गिऱ्हाईक हसतं. आक्कानं त्याला कानडीत काहीतरी सांगितलं. ते काय होतं ते तिनं आम्हाला कधीच सांगितलं नाही, पण तो व्यापारीही कानडी होता आणि त्याचं तोंड बारीक झालं होतं.

महिनाभर फिरून आली आणि म्हणाली, हातमाग संपला, मन घट्ट करा. यंत्रमागाच्या कारखान्यात जावं लागंल. पण मी बघून देते.

बघून देणं म्हणजे खरोखर बघून देणं. मुलगी द्यायची म्हणजे आपण सासर बघायला जातो ना, तशी आक्का एकेकाला बरोबर घेऊन कारखान्यात जायची. माझ्यासाठी तीन कारखाने बघितले. पहिल्या दोन्हींना खिडकी नव्हती, तिथनं ती चहासुद्धा न पिता उठली. तिसऱ्याच्या मालकाला तिनं पाण्याचा माठ कुठं आहे ते विचारलं, संडास कुठं, पाळी किती तासाची, मशीनीत बोट गेलं तर दवाखान्यात कोण नेणार. मालक कावला.

"आक्का, मला कामगार ठेवायचाय, जावई करून घ्यायचा न्हाय."

"जावई वर्सातनं दोनदा येतो, त्याला पाटावर बसवता. ह्यो रोज येणार हाय. माठ उन्हातनं उचला, सावलीत ठेवा. मग बोलू."

माठ हलला. मी लागलो. एकवीस घरं तिनं अशी उजवली. कुणी कारखान्यात, कुणी रंगाच्या खात्यात, एकजण सूत गिरणीत. पोचम्माच्या नवऱ्याला कुठंच काम लागेना, तर त्याला चहाची गाडी काढून दिली, कारण पायरीवर बसून त्याला सगळी गल्ली ओळखायची.

सगळं गोड झालं असं लिहिणार नाही. हातमागावर धोटा मी फेकायचो. इथं मशीन फेकायची आणि मी बघत उभा. आवाजानं पहिले दोन महिने घरी आल्यावर राजव्वाचं बोलणं ऐकू यायचं नाही, ती म्हणायची, बरं झालं, आता भांडण नाही. पण तिच्या हाताला काम उरलं नव्हतं. कारखान्यात कांड्या भरायला दुसऱ्या बायका, आणि निम्मा माल आपला म्हणून कुणी तिला बोलावणार नव्हतं. ती विड्या वळायला लागली. माग आम्ही लाकडाच्या भावानं दिला. खड्डा मातीनं भरला, वर सारवलं. त्या जागेवरनं वर्षभर घरातलं कोणी चाललं नाही. सगळे आपोआप वळसा घालायचे.

राहिला मल्लय्या. त्याला कोण घेणार. वय झालेलं, आणि त्या पावसाळ्यापासनं हात थरथरायला लागलेले. धोटा फेकला की भलतीकडं जायचा. आक्कानं त्याला एका ठिकाणी राखणदाराचं काम आणलं. तो म्हणाला, "मी काय कुत्रं हाय?" गिरणीत सूत मोजायचं आणलं. म्हणाला, "मोजणं हे काय काम हाय?" दिवाळी गेली, संक्रांत गेली. केंद्रात माल नाही, माणूस नाही, आणि आक्का रोज दार उघडून बसायची. मल्लय्या गप्प झाला होता. ते आम्हाला लई वाईट दिसायचं. शिव्या न देणारा मल्लय्या बघायची सवय नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगतो. मल्लय्या त्यानंतर तीन वर्षं होता. तो गेल्यावर आक्का अक्कलकोटला भावाकडं गेली आणि तिकडंच वारली. आम्हाला चार महिन्यांनी कळलं. त्या दिवशी राजव्वानं विड्यांचं सूप उचललं, कोपऱ्यात नेऊन ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत हात लावला नाही.

मला मात्र आक्का दिसते ती एका दुपारची. दुसऱ्या पाळीला निघालो होतो. मल्लय्याच्या दारावरनं जाताना आतनं मागाचा आवाज आला. मल्लय्याचा हात असा नव्हता, कुठल्याच विणकराचा असा नसतो. खट, मग बराच वेळ काही नाही, मग दोनदा खट खट. मी डोकावलो.

खड्ड्यात आक्का बसली होती. लुगडं खोचलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पाय तळाला पोचत नव्हते म्हणून खाली दोन विटा ठेवलेल्या. मल्लय्या शेजारी पाटावर, हातात काठी.

"काठ बघा, काठ. ही काय भीमा नदी हाय का?"

"सरळ येतंय की."

"काय सरळ? आधी पाय दाबायचा, मग हात. किती येळा सांगू? बावीस घरांच्या चुका काढत फिरला, आणि सवताला एक वीत येईना."

"शिकवणारा बरा असता तर आली असती."

मी म्हटलं, "आक्का, हे काय चाललंय?"

तिनं मान वर केली नाही. "कुलूप लावलं आज केंद्राला. मल्लय्याला आता हातानं काय व्हत न्हाय, पण दुसऱ्याच्या चुका काढायला अजून पैल्या नंबरचा हाय. मग चुका करणारं माणूस पायजे की कुणीतरी. विणून झालं की मंगळवारच्या बाजारात मीच नेऊन बसणार."

तेवढ्यात धोटा तिच्या हातातनं सुटला आणि खड्ड्यात पडला. सुताचा धागा तुटला. ती वाकून चाचपायला लागली.

"ऱ्हाऊ दे ते," मल्लय्या म्हणाला. "चार बोटं उसवा आधी. पैल्यापासनं."

आक्कानं उसवायला घेतलं. माझी पाळी चुकत होती, मी निघालो. कोपऱ्यावर वळेपर्यंत मागनं मल्लय्याचा आवाज येत होता. कितीतरी महिन्यांनी तो गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडत होता.